धगधगी, हुडहुडी आणि मधली खिडकी

‘अजबखाना’ हा खेळ ज्यांनी कधी हातातही धरला नसेल, त्यांना आधी थोडं सांगून टाकू. पडद्यावर एक मोठा मुलूख असतो. त्यात रानोमाळ हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी शोधायचे, दिसला की बरणी उघडून त्याला आत घ्यायचं आणि झाकण लावायचं. झाकण लागलं की बरणीवर त्या प्राण्याची तीन ओळींची नोंद उमटते. तो काय खातो, कुठे झोपतो, कशाला भितो, असलं काहीबाही. यातले सगळे प्राणी जोडीचे आहेत, आणि खेळ विकणाऱ्यांचा बनेलपणा असा की प्रत्येक भाग पिवळ्या आणि जांभळ्या अशा दोन खोक्यांत निघतो. जोडीतला एक प्राणी पिवळ्यात सापडतो, दुसरा जांभळ्यात. दोन्ही हवे असतील तर दुसऱ्या खोकेवाल्याशी गोडीगुलाबीने वागून अदलाबदल करावी लागते. ज्यांचं कुणाशीच पटत नाही, त्यांची अर्धी फडताळं कायमची रिकामी.

या सगळ्या जोड्यांत धगधगी आणि हुडहुडी ही जोडी फार गाजली. धगधगी गोलमटोल, लालबुंद, कानांतून वाफा सोडणारी. हुडहुडी लांबुडकी, निळसर, स्वतःचंच शेपूट गळ्याभोवती गुंडाळून थरथरत बसणारी. गाजली ती रूपामुळे नाही. गाजली ती नोंदींमुळे, कारण या दोघींच्या नोंदींत एकमेकींच्या चहाड्यांशिवाय दुसरं काही नसतं.

खेळाच्या भक्तांचं इंटरनेटवर एक पान आहे. ते चालवणारा माणूस स्वतःला ‘झाकण’ म्हणवतो. ‘तुम्हाला ठाऊक आहे का?’ अशी सुरुवात करून तो एकेक बारकावा टिपतो आणि मग त्यावर स्वतःची अक्कल पाजळतो. त्याचं म्हणणं असं, की पुरातन काळी ज्वालामुखीचं एक राज्य होतं आणि बर्फाचं एक. दोन्ही राज्यांत घनघोर युद्ध झालं. या दोन प्राण्यांच्या नोंदी म्हणजे त्या युद्धाच्या राखेखालचे निखारे. हजारो लोकांनी हे वाचून मान डोलावली होती.

खरं सांगायचं तर युद्ध अजून चालू होतं, आणि ते कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीवरून चाललेलं होतं.

त्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर चिकटवून ठेवलेली. एका बाजूला वहिनी बसायची, दुसऱ्या बाजूला वन्सं. नात्याने खरोखरच वहिनी आणि नणंद. पण दोघी एकमेकींना दिवसभर याच नावांनी हाका मारायच्या, त्यामुळे कंपनीतला शिपाईसुद्धा त्यांना वहिनी आणि वन्संच म्हणायचा. खिडकी बरोबर मधोमध. वहिनीला सदा उकडायचं. वन्संना सदा गारठा लागायचा. वहिनी खिडकी उघडायची, वन्सं लावायच्या. वहिनी पाणी प्यायला गेली की वन्सं लावायच्या, वन्सं नाक शिंकरायला गेल्या की वहिनी उघडायची. बिजागऱ्यांना कुणी तेल घालत नव्हतं तरी त्या करकरत नव्हत्या, कारण त्यांना गंज चढायला उसंतच मिळत नव्हती.

तोंडाने मात्र एक शब्द नाही. त्याचं कारण घरी होतं. वन्सं लग्न न केलेल्या, भावाकडेच राहायच्या, मागच्या खोलीत. भाऊ म्हणजे वहिनीचा नवरा. त्याला वन्सं दादा म्हणायच्या. दादाचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वभाव असा मऊ की गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवतानाही तो ‘माफ करा’ म्हणायचा. घरात जरा कुणाचा आवाज चढला की दादा पोट धरून बसायचा. ‘मला सोसत नाही गं तुमचं,’ म्हणायचा आणि जेवणाला हात लावायचा नाही. तेव्हा दोघींनी न बोलता ठरवून टाकलं होतं, की घरात भांडायचं नाही. ऑफिसातही भांडणं शोभत नाही. मग भांडायचं कुठे? माणसाला कुठे तरी भांडायला लागतंच.

ती सोय कात्रीसाहेबांनी करून दिली, नकळत.

कात्रीसाहेब म्हणजे नोंदखात्याचे प्रमुख. पडद्यावर वाचलेलं त्यांना पटायचं नाही. प्रत्येक नोंद कागदाच्या पट्टीवर मागवायचे आणि लांब झाली की खरोखरच्या कात्रीने तिचं शेपूट कापून टाकायचे. त्यांचा एक कडक नियम होता. जोडीच्या दोन नोंदी एकाच हाताने लिहिल्या तर जुळ्या पोरींना एकाच कापडाचे झगे शिवल्यासारख्या दिसतात, म्हणून एका जोडीला दोन लेखक. एकमेकांची पट्टी बघायची नाही. बंद पाकिटात द्यायची. आणि कात्रीसाहेब शब्द कापतील, पण कुणाच्या नोंदीत स्वतःचा शब्द घालणार नाहीत.

पहिल्या भागात वहिनीने भोळेपणाने लिहिलं: ‘धगधगी उबदार आणि प्रेमळ असते. सगळ्यांना आवडते.’ खेळ बाजारात आला, तिने कौतुकाने जांभळं खोकं उघडून हुडहुडी पकडली आणि बरणीवर वाचलं: ‘हुडहुडी नाजूक असते. धगधगी खिडकी उघडी टाकून जाते, त्यामुळे हुडहुडी आजारी पडते.’

वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. समोर वन्सं अगदी साळसूदपणे पेन्सिलीला टोक काढत बसलेल्या. बोलायची तर सोय नाही. वहिनीने दात-ओठ खाऊन दुसऱ्या भागाची वाट पाहिली आणि त्यात लिहिलं: ‘हुडहुडी भर उन्हातही शिंकते. हे सोंग असावं, असं जाणकार म्हणतात. धगधगी तिच्याकडे लक्ष देत नाही.’ पण त्याच भागात वन्संची नोंद आली ती अशी: ‘हुडहुडी आपला जॅम थंड जागी ठेवते. धगधगी तो चोरून खाते.’

या जॅमचं असं, की घरातल्या फ्रिजमध्ये वन्संची जॅमची बाटली असायची, आणि ती आपोआप रिकामी होत जायची. वहिनीने तिला बोटही लावलेलं नव्हतं. हा आळ तिच्या इतका जिव्हारी लागला की तिसऱ्या भागात तिने धगधगीचा रंग, खाणं, झोपणं सगळं सोडून दिलं आणि एवढंच लिहिलं: ‘धगधगीने जॅम खाल्लेला नाही. तो आधीच संपलेला होता.’

कात्रीसाहेबांनी ही पट्टी दोनदा वाचली. त्यांना त्यात काही तरी गूढ आहे असं वाटलं, म्हणून ती तशीच गेली. झाकणने त्या एका नोंदीवर रकानेच्या रकाने भरले. जॅम म्हणजे बर्फराज्याचा गोठवलेला खजिना, हे त्यानेच सिद्ध केलं. वहिनी आणि वन्सं दोघी हे पान चोरून वाचायच्या, आपापल्या पडद्यावर, आणि समोरची काय वाचतेय ते दोघींनाही पक्कं ठाऊक असायचं.

एका भागानंतर दुसरा भाग निघायला दोन-अडीच वर्षं लागत. म्हणजे एकेका टोमण्याचं उत्तर मिळायला तेवढा काळ. इतक्या सबुरीने भांडलेल्या नणंद-भावजया आमच्या तरी पाहण्यात नाहीत. आणि मधल्या काळात ‘वन्सं, चहा घेणार ना?’ ‘घेते की. वहिनी, तुमची छत्री राहिली,’ असं सगळं अगदी साखरेत घोळलेलं.

असं छान चाललेलं असताना एके सकाळी कात्रीसाहेब खोलीत आले. हातात कात्री नव्हती, हेच वाईट लक्षण होतं.

“वरून हुकूम आलाय,” ते म्हणाले. “नव्या भागात जागा कमी आहे. प्रत्येक जोडीतला एकच प्राणी ठेवायचा.”

“आणि दुसरा?” वहिनीने विचारलं.

“दुसरा जातो.”

“जातो म्हणजे कुठे जातो?” वन्संनी विचारलं.

“कुठे जाणार? काढून टाकायचा. तुम्ही दोघी नेहमीसारख्या नोंदी लिहा. सोमवारी पाकिटं द्या. जिची नोंद जास्त जमेल तिचा प्राणी राहील.” मग खोलीतल्या पंख्याकडे बघत त्यांनी उरलेलं सांगितलं. “आणि प्राणी कमी म्हणजे लेखकही कमी. जिचा प्राणी जाईल तिने खाली बटणखात्यात जायचं.”

बटणखातं तळघरात. तिथे पडद्यावरच्या बटणांचे शब्द लिहितात. ‘पुढे’. ‘मागे’. ‘नक्की ना?’ मागे नोंदखात्यातला एकजण तिथे गेला होता. चांगला बोलका माणूस. आता तो जिन्यात भेटला आणि तुम्ही ‘निघतो’ म्हणालात, की नजर शून्यात लावून ‘नक्की ना?’ एवढंच विचारायचा.

कात्रीसाहेब गेले. खिडकी सताड उघडी होती, सकाळी वहिनीनेच उघडलेली. बाहेरून चांगला बोचरा वारा येत होता. वहिनी वन्सं उठण्याची वाट बघत राहिली. वन्संच्या टेबलावरचे कागद फडफडले, त्यांनी त्यावर पंचिंग मशीन ठेवलं. त्यांचं नाक लाल झालं. तरी त्या उठल्या नाहीत.

“वन्सं, खिडकी उघडी आहे,” शेवटी वहिनीच म्हणाली.

“असू दे.”

एवढंच. इतक्या वर्षांत वन्संनी त्या खिडकीला ‘असू दे’ म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. तिने स्वतः उठून खिडकी लावली आणि घाम पुसत बसून राहिली.

घरी जाताना बसमध्ये दोघी नेहमीसारख्या पुढे-मागे बसल्या. वहिनी समोरच्या डोक्यावरची लोकरी टोपी बघत होती आणि मनात नोंद जुळवत होती. जिंकायचं तर होतंच. जिंकण्यात तिचा हात धरणारं कोण होतं? फक्त लिहायला घेतलं की काही तरी बिनसायचं. ‘धगधगी सकाळी लवकर उठते आणि हुडहुडी...’ छे. ‘धगधगीच्या वाफेवर चहा होतो, पण हुडहुडीला तो...’ पुन्हा तेच. हुडहुडीला वगळून धगधगीबद्दल एक ओळ सुचेल तर शपथ.

संध्याकाळी वन्सं मागच्या खोलीत दार लावून बसल्या. दादा स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका चष्म्याच्या काड्या घट्ट करत होता. वहिनीने हलक्या आवाजात त्याला सगळं सांगितलं. आवाज हलका, कारण पोट.

“मग बरंच आहे की,” दादा म्हणाला. “तू छान लिहितेस. तू जिंकशील, ती खाली जाईल. मग दिवसभर खिडकी उघडी ठेव.”

“वा! म्हणजे वन्संना तळघरात बसवायचं? ‘मागे’ आणि ‘पुढे’ लिहायला?”

“मग तू हर.”

“मी कशाला हरू?”

“मग ती हरेल.”

“तुमच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज किंचित चढला. दादाने लगेच पोटावर हात ठेवला आणि ती गप्प झाली.

पण दादाच्या त्या सरळ हिशोबाने तिची झोपच उडवली. डोळ्यांपुढे सारखी समोरची रिकामी खुर्ची येत होती. खुर्चीच्या पाठीवर वन्संची ती बोकडाच्या रंगाची शाल नाही. पेन्सिलीचा कचरा नाही. खिडकी उघडी, कुणी लावत नाही. मग उघडण्यात तरी काय मजा? आणि तिला आठवलं, लग्न होऊन ती या घरात नवीन आली होती, कुठेच काम मिळत नव्हतं, तेव्हा तिला हाताला धरून कात्रीसाहेबांपुढे उभी करणारी हीच बाई. ‘ही माझी वहिनी,’ वन्संनी सांगितलं होतं. ‘भांडते फार छान. लिहीलही.’ वहिनीला त्या बाईची माया होती, आणि ती माया इतकी घट्ट होती की तिला स्वतःलाच ती आजवर राग वाटत आलेली.

आता वहिनीला नुसतं साधंसरळ चांगलं वागता आलं असतं, तर ती वहिनी कसली! सकाळी दात घासताना तिला युक्ती सुचली आणि आरशात तिचे डोळे चमकले. हरायचं! पण असं हरायचं की जिंकणाऱ्याने आयुष्यभर मान खाली घालावी. आपली धगधगी आपणच काढून टाकायची. वन्सं त्यांच्या खोलीत राहतील, त्यांच्या खिडकीशी राहतील, आणि रोज संध्याकाळी बसमध्ये मागच्या सीटवर बटणखात्यातली एक त्यागमूर्ती बसलेली असेल. ‘कसं चाललंय वर, वन्सं? बरं आहे ना? छान. माझं काय, मी आपली ‘मागे-पुढे’ करते.’ या एका टोमण्याला उत्तरच नव्हतं. वन्संना जन्मभर ते शोधत बसावं लागलं असतं.

त्या दिवशी तिने पट्टी लिहिली, पाकिटात घातली आणि इतकी खूश झाली की वन्संना आपणहून बिस्किटं देऊ केली. वन्संनीही ती घेतली आणि, नवलच म्हणायचं, गोड हसल्या. वहिनीला क्षणभर शंका आली. मग तिला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्यात.

सोमवारी कात्रीसाहेब खोलीत आले. या वेळी कात्री होती. त्यांनी दोन्ही पाकिटं घेतली, खुर्ची ओढली आणि आधी धगधगीचं पाकीट फोडलं. वाचलं. भुवया वर गेल्या. मग हुडहुडीचं फोडलं. वाचलं. चष्मा काढला. तो दादानेच बनवून दिलेला होता, त्यामुळे त्यात दोष असणं शक्य नव्हतं. पुसून पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

“तुम्ही दोघींनी ठरवून केलंय हे?”

“ठरवून?” वहिनी म्हणाली. “यांच्याशी?”

“मी कधी यांच्याशी काही ठरवलेलं बघितलंय तुम्ही?” वन्सं म्हणाल्या.

कात्रीसाहेबांनी पहिली पट्टी मोठ्याने वाचली. “‘धगधगी हा मुलूख सोडून गेली आहे. आता इथे फक्त हुडहुडी राहते. तिच्याशी जरा बरं वागावं.’ पुढे आणखी एक ओळ आहे, ती लांब झाली, कापायला लागेल.” मग दुसरी. “‘हुडहुडी आता या मुलखात सापडत नाही. तिने सगळी जागा धगधगीला दिली आहे. ती जागा शोभतेही तिलाच.’ इथेही एक ओळ जास्त.”

खिडकी कुणी उघडलेली होती की लावलेली, याच्याकडे त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं.

वहिनीला आधी धक्का बसला, मग गहिवर आला आणि लगोलग भयंकर राग आला. तिचा एवढा जपून ठेवलेला त्याग वन्संनी चोरला होता!

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला?” तिचा आवाज एकदम टिपेला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं?” वन्सं उभ्याच राहिल्या. “मी शुक्रवारीच लिहून ठेवलं होतं!”

“मी शुक्रवारी सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं!”

“माझं आदल्या रात्रीच ठरलं होतं, वहिनी. मी हिशोब केला होता. तुम्ही खाली गेला असतात तर त्या तळघरात एकही खिडकी नाही. जीव घुसमटला असता तुमचा.”

“आणि तुम्ही? तिथली फरशी म्हणजे नुसता बर्फ आहे. आठवड्यात छाती भरली असती!”

“माझी छाती आहे, मी बघून घेईन!”

“मोठ्या आल्या बघून घेणाऱ्या! आयुष्यभर मला ऐकवायचं होतं ना, मी तुमच्यासाठी गेले म्हणून?”

वन्संचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. म्हणजे हेच ठरलं होतं त्यांचंही. वहिनीने ते ओळखलं, आणि वन्संनी वहिनीने ओळखलेलं ओळखलं. मग वन्संच्या तोंडून फिस्स करून हसू फुटलं. वहिनीने बराच वेळ हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही.

“झालं तुमचं?” कात्रीसाहेब म्हणाले. “आता माझी पंचाईत ऐका. मी कुणाच्या नोंदीत शब्द घालत नाही. धगधगी ठेवली, तर तिची नोंद म्हणते ती गेली. हुडहुडी ठेवली, तरी तेच. ज्या प्राण्याची बरणी हातात आहे तोच सांगतोय मी इथे नाही. काय ठेवू मी?”

वन्संनी उगाच पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

कात्रीसाहेबांनी पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांत एक लबाड झाक आली. हा माणूस वर्षानुवर्षं उगाच प्रमुख झालेला नव्हता.

“एक ठेवली तर ती चूक आहे,” ते सावकाश म्हणाले. “दोन्ही ठेवल्या तर तो चमत्कार आहे. दोन्ही प्राणी म्हणतात आम्ही गेलो, आणि दोन्ही समोर बसलेले! तो झाकण का कोण आहे ना तुमचा, त्याला वर्षभर झोप लागणार नाही. लोक पिवळं आणि जांभळं दोन्ही खोकी घेतील, नुसतं खरं काय ते बघायला. हे वरच्यांना मी समजावतो. बाकीच्या जोड्या फोडा म्हणावं, ही एक राहू दे.”

“म्हणजे आम्ही दोघी...” वहिनी म्हणाली.

“दोघी इथेच. आणि आजच्यासारख्या ओरडणार असाल तर दार लावून घेत जा.” त्यांनी कात्री चालवली. दोन्ही पट्ट्यांची शेवटची ओळ खाली पडली. ते चिठोरे त्यांनी उचलले आणि जाता जाता दोघींपुढे ठेवले. वहिनीचं वन्संपुढे, वन्संचं वहिनीपुढे. चुकून ठेवले की मुद्दाम, कोण जाणे.

वहिनीने चिठोरं वाचलं. वन्संचं बारीक, थरथरतं अक्षर. ‘खिडकी मात्र उघडी ठेवावी. धगधगी कुणाला सांगत नाही, पण तिचा जीव घाबरा होतो.’

हे खरं होतं. हे तिने कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. ‘उकडतंय’ म्हणायची, झालं. वहिनीला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

समोर वन्सं दुसरं चिठोरं वाचत होत्या. ‘खिडकी लावून घ्यावी. हुडहुडीचं शिंकणं सोंग नाही, हे धगधगीला पहिल्यापासून माहीत आहे.’ वन्संनी शालीच्या टोकाने नाक पुसलं आणि चिठोरं पेन्सिलींच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवलं.

मग वहिनी उठली आणि तिने खिडकी लावली.

“उघडी असू दे,” वन्सं म्हणाल्या आणि उठून त्यांनी ती उघडली.

“अहो, गारठाल. राहू दे बंद.”

“तुम्हाला घाबरं होतंय, मला दिसतंय ना!”

“मला काही होत नाही. लावा ती!”

“नाही लावणार!”

बिजागऱ्यांना काही फरक कळला नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये दोघी पहिल्यांदाच एका सीटवर बसल्या, आणि लवकर सुटका झाली होती म्हणून घरीही लवकर पोचल्या. हसत हसतच आत शिरल्या. स्वयंपाकघरात दादा फ्रिजच्या उघड्या दारापाशी उभा होता. एका हातात वन्संची जॅमची बाटली, दुसऱ्या हातात मोठा चमचा, आणि मिशीला जॅम.

“दादा!” वन्सं म्हणाल्या.

“अहो!” वहिनी म्हणाली.

दोघींचे आवाज एकदम चढले. दादाने सवयीने पोट धरलं. आणि त्याच क्षणी दोघींच्याही लक्षात आलं, की इतकी वर्षं हे पोट कशाने बिघडत होतं.

नवा भाग निघाला तेव्हा झाकणची खरोखरच झोप उडाली. धगधगी आणि हुडहुडी यांच्या एकाच वेळी निघून जाण्यावर आणि तरी जागेवर असण्यावर त्याने इतकं लिहिलं की त्याचं पान कोसळलं. पण त्या भागातली त्याची सगळ्यात लांब टीप वेगळ्याच प्राण्याबद्दल आहे. ती अशी:

‘तुम्हाला ठाऊक आहे का? या भागात चमचोबा नावाचा एक नवीन प्राणी आहे. मऊ, गोल, नाकावर दोन भिंगं. संपूर्ण अजबखान्यात मुळातच जोडी नसलेला हा एकटाच. जरा आवाज झाला की पोट धरून खाली बसतो. याची नोंद दोन वेगळ्या हातांनी लिहिल्यासारखी वाटते, पण दोन्ही हातांचं त्याच्याबद्दल एकच मत दिसतं: जॅम यानेच खाल्ला.’